कोल्हिणीसाठी तीन फटके

लोथार आमच्या गावात आला तो युद्धकैदी म्हणून. लढाई संपल्यावर बाकीचे जर्मन एकेक करून परत गेले, हा राहिला. जायचं तरी कुठे? पूर्व प्रशियातलं त्याचं खेडं रशियनांनी घेतलेलं, आई पळापळीत वाटेत गेली, बाप कुठे गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. बाप तिकडच्या एका जमीनदाराच्या जंगलावर राखणदार होता, एवढं तो आम्हाला सांगायचा. लोथार कालवाइट हे त्याचं नाव इंग्लंडातल्या आमच्या लेस्टरशरच्या जिभांना काही वळलं नाही. सगळे त्याला 'लोटी' म्हणत. ते तर आमच्याकडे बायकांचं नाव. बाईचं नाव आहे हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळल्यावरही तो हाक मारली की 'ओ' देत राहिला.

मी तेव्हा टूनबाईंकडे दुधाच्या खोलीत कामाला होते. माझे वडील गावचे लोहार. टूनबाई विधवा, हाताने सढळ आणि जिभेने तिखट. शेत मात्र त्यांचं नव्हतं. मेजर ऑर्टनसाहेबांचं, आणि बाई ते पट्ट्याने कसत. मेजरसाहेब गावचे जमीनदार होते आणि कोल्ह्याच्या शिकारीचं जे मंडळ होतं त्याचे प्रमुखही तेच. आमच्या शेताच्या टोकाला काटेरी झुडपांचं एक रान होतं. कोल्ह्यांनी तिथे सुखाने राहावं म्हणून मेजरसाहेबांच्या आजोबांनी ते लावून घेतलं होतं, आणि त्यातली एक काडी तोडायची आम्हाला मुभा नव्हती.

दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस आमच्या गावाने एकवेळ पचवला असता. कोल्ह्याला गोळी घालणारा नाही. कोल्ह्याने मरायचं ते शिकारी कुत्र्यांच्या तोंडी, मागे साठ घोड्यांच्या टापा वाजत असताना. कोंबड्या गेल्या तर मंडळाला कळवायचं आणि तोंड मिटून बसायचं. हे कुणी कुणाला शिकवत नसे. पोरं आईच्या दुधाबरोबर शिकत. म्हणूनच लोथारला ते सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीतला बाजाराचा दिवस होता. टूनबाई टांगा जोडून मेल्टनला गेल्या होत्या. मी लोणी काढत होते, तेवढ्यात कोंबड्यांचा गलका झाला आणि पाठोपाठ बंदुकीचा एकच बार. मला वाटलं, लोथारने कावळे उडवले. टूनबाईंच्या नवऱ्याची जुनी बंदूक दाराआड टांगलेली असायची, कावळ्यांसाठी ती काढायची त्याला परवानगी होती.

थोड्या वेळाने बाहेर आले तर धान्याच्या कोठारापुढे लोथार टोपी काढून उभा. त्याच्यासमोर फरसबंदीवर देवदाराच्या हिरव्या फांद्या नीट पसरलेल्या, आणि त्यावर उजव्या कुशीवर निजवलेला कोल्हा. शेपटी सरळ केलेली, पायांवरचा चिखल पुसलेला. आणि तोंडात, दातांमध्ये, एक छोटी हिरवी डहाळी.

मी आधी फाटकाकडे पाहिलं.

"लोथार, हे काय केलंस रे?"

"चार कोंबड्या मारल्या त्याने. एकच बार, लगेच गेला. दुखलं नाही." तो अगदी हळू आवाजात बोलत होता, चर्चमध्ये बोलावं तसा.

"आणि तोंडात ते काय?"

"शेवटचा घास. आमच्याकडे देतात. बाकीचे लोक फक्त हरणाला देतात. माझा बाप सगळ्यांना द्यायचा, कोल्ह्याला पण. लोक हसायचे त्याला." मग जरा खुलून म्हणाला, "कातडं मी साफ करतो. बाईंना गळ्याभोवती घ्यायला होईल. थंडी आहे."

म्हणजे हा भेट द्यायच्या विचारात होता! मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "लोथार, उचल ते. आत्ताच्या आत्ता कोठारात ने. कुणी पाहिलं तर बाईंचं शेत जाईल."

"शेत? कोल्ह्यासाठी?"

त्याला समजावत होते तेवढ्यात टांग्याची चाकं वाजली. टूनबाई उतरल्या, दोन पावलं आल्या आणि थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरलेला मी त्यांचा नवरा गेला त्या दिवशीही पाहिला नव्हता.

"कुणी पाहिलं?" त्यांनी मला विचारलं.

"मी एकटीने."

"मग खड्डा खण रे. शेणाच्या ढिगाखाली. फांद्या जाळून टाक."

लोथार जागचा हलला नाही. "बाई, मी चोरी केली नाही. लपवायचं कशाला?"

"कशाला ते नंतर सांगते, आधी फावडं घे, गाढवा!"

पण नशीबच खोटं. फावडं हातात येण्याआधी फाटकाची कडी वाजली आणि म्हातारा जेस हॅम्स आत आला. जेसचं काम बिळं बुजवायचं. शिकारीच्या आदल्या रात्री कोल्हे बाहेर पडले की बिळांची तोंडं बंद करायची, म्हणजे सकाळी त्यांना पळण्यावाचून गत्यंतर नाही. शनिवारी शिकार आमच्या रानातून सुरू व्हायची होती, ते सांगायला तो आला होता. टूनबाई आणि मी कोल्ह्यापुढे घागरे पसरून उभ्या राहिलो.

"काय गं पोरी, पांढरीफटक का पडलीस? भूत पाहिलंस, का या लोटीला?" तो हसला. मग त्याची नजर आमच्या मधून पलीकडे गेली आणि हसू तिथेच थिजलं.

तो गुडघ्यावर बसला. कोल्ह्याच्या कपाळावरून हात फिरवला, मग पोटाकडे नेला. तिथे हात बराच वेळ राहिला.

"ही मादी आहे," तो म्हणाला. "मी ओळखतो हिला. गेल्या दोन वर्षांत तीनदा चकवलंय हिने आम्हाला. नाल्यातून उलटी जायची." मग मान वर न करता म्हणाला, "पोटुशी आहे."

"नाही," लोथार म्हणाला.

"नाही काय नाही! हात लाव इथे."

लोथार वाकला आणि जेसने दाखवलं तिथे हात ठेवला. मग आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि भिंतीला टेकून बसला.

"शनिवारी तुमच्या कुत्र्यांनी हिच्या चिंध्या केल्या असत्या, तेव्हा पोटुशी नव्हती का रे ती?" टूनबाई कडाडल्या.

"कुत्रे नव्हे, हाउंड म्हणा. शिकारीच्या कुत्र्यांना हाउंडच म्हणतात."

"मरो ते! चिंध्या त्या चिंध्याच."

"फरक आहे, बाई. शनिवारी तिला पळता आलं असतं. चौथ्यांदा चकवलं असतं तिने, पैज लावतो मी. हिला इथे काय मिळालं? कोंबडी तोंडात आणि पाठीत छर्रे." जेस उठला. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याचीच त्याला चीड आली होती. "मला हे सांगावं लागणार. शनिवारी रान रिकामं निघालं की मलाच विचारतील."

"सांग," लोथार खालूनच म्हणाला. "मी मारली. बाई नाही. ही पोरगी नाही. मी."

जेसने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गावाने आमच्याकडे पाठ फिरवली.

आधी छोट्या गोष्टी झाल्या. वाण्याने टूनबाईंना सगळ्यांच्या शेवटी सामान दिलं, तेही बोलल्याशिवाय. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसलं नाही. पुढचा आणि मागचा बाकही मोकळा राहिला. माझ्या वडिलांनी टूनबाईंचा घोडा भट्टीच्या दारातून परत पाठवला. मी घरी जाऊन भांडले, तर म्हणाले, "मेजरसाहेबांचे सोळा घोडे माझ्याकडे येतात. तुझ्या बाईंचा एक. तूच सांग मी काय करू." पोलीस येऊन बंदूक घेऊन गेला. जर्मन माणसाच्या हाती बंदूक दिलीच कशी, असं त्याने टूनबाईंना तीन-तीनदा विचारलं, जणू लढाई अजून चालूच होती.

मग रात्रीतून कुणीतरी कुरणाचं फाटक उघडलं. सकाळी गाई रस्त्यावर, एक खंदकात पाय मोडून पडलेली. ती मारावी लागली. कोठाराच्या दारावर डांबराने लिहिलं होतं: खुनी. लोथारने ते दोन तास घासलं. अक्षरं जाईनात, तेव्हा त्याने अख्खं दारच डांबराने काळं केलं.

तो शनिवार गेला, आठवडा उलटला आणि मेजरसाहेबांचा कारभारी आला. टोपीसुद्धा काढली नाही. मार्चअखेरीला पट्टा संपतोय, म्हणाला. मेजरसाहेब दुसऱ्या कुळाचा विचार करताहेत. अर्थात जर्मन माणूस त्याआधी निघून गेला, तर साहेब पुन्हा विचार करतील.

"तुमच्या साहेबांना सांगा," टूनबाई म्हणाल्या, "माझ्याकडे कोण राबेल ते मी ठरवते. आणि त्यांना बोलायचं असेल तर स्वतः यावं. घोड्यावर बसून आठवड्यातून दोनदा माझ्या कुंपणावरून उड्या मारतात, तेव्हा रस्ता सापडतोच त्यांना."

कारभारी गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि हात मांडीवर घट्ट धरून राहिल्या.

लोथारने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्या खोलीत चहा घेऊन गेले तर पत्र्याची पेटी उघडी, कपडे भरलेले.

"चाललास?" मी विचारलं.

"बाईंचं शेत राहील."

"आणि बाई? तुझ्यासाठी भांडल्या त्या गावाशी, त्याचं काय?"

त्याने पेटीचं झाकण अर्धवट लावलं. "माझा बाप," तो म्हणाला, "या दिवसांत मादीवर बंदूक उचलायचा नाही. आधी नीट बघायचा. थांबायचा. मी बघितलं नाही. कोंबड्या ओरडल्या, मी घाई केली. गाव ओरडतं ते दुसऱ्या गोष्टीसाठी. पण चूक आहे माझी." मग अचानक विचारलं, "येत्या शनिवारी सगळे कुठे जमतात?"

"चौकात, पबसमोरच्या हिरवळीवर. का?"

त्याने पेटी बाजूला सारली. त्याच्या चेहऱ्याची मला भीती वाटली. मी सरळ टूनबाईंकडे गेले.

शनिवारी आम्ही दोघी चौकात पोचलो तेव्हा हिरवळ घोड्यांनी भरली होती. थंडीत घोड्यांच्या नाकांतून वाफा येत होत्या, पबमधली माणसं तबकांतून वाइनचे छोटे पेले वर घोडेस्वारांना देत होती. शिकारी कुत्रे एका बाजूला दाटीने उभे. माझे वडील जास्तीचे नाल घेऊन आलेले. मेजरसाहेब आपल्या करड्या घोडीवर, लाल कोटात, कुणाशी तरी बोलत होते. उंच, हाडकुळे. त्यांचा एकुलता एक मुलगा रॉबिन नॉर्मंडीच्या लढाईत जर्मनांशी लढताना पडला होता, पाच वर्षांपूर्वी. तेव्हापासून त्यांना मोठ्याने बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

लोथार चर्चच्या बाजूने आला. आधी त्याला कुणी पाहिलं नाही. मग एकेक आवाज बंद होत गेला. तो चालत राहिला, घोड्यांच्या मधून, सरळ. एका तरुणाने घोडा आडवा घातला. लोथार वळसा घालून पुढे गेला.

"फासावर चढवा त्या हिटलरच्या पिल्लाला!" मागून कुणीतरी ओरडलं. थोडे हसले.

टूनबाई पुढे निघाल्या, जेसने त्यांचा दंड धरला. "थांबा बाई. आता मध्ये पडलात तर चिरडल्या जाल."

मेजरसाहेबांच्या घोडीसमोर लोथार उभा राहिला. टोपी काढली. कोट काढला, घडी करून गवतावर ठेवला. त्या गारठ्यात नुसत्या शर्टावर.

"साहेब," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. "आमच्याकडे शिकारीत कुणी चूक केली की त्याला शिक्षा असते. शिकारीचा प्रमुख तीन फटके देतो. सुरीच्या पात्याने, चपट्या बाजूने. सगळ्यांसमोर. मग संपलं. पुन्हा कुणी बोलायचं नाही. मी पोटुशी मादी मारली. तुमची रीत मला माहीत नव्हती, पण माझ्या रीतीने पण ती चूक आहे. इथे प्रमुख तुम्ही. बाईंना शिक्षा नको. मला द्या."

आणि तो वळला, गुडघ्यांवर हात टेकले आणि वाकून उभा राहिला.

एका घोड्याने लगाम झटकला, त्याची साखळी वाजली, तेवढाच आवाज. मेजरसाहेब त्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं, आता ते घोडी वळवतील आणि निघून जातील. पण तो मघाचाच माणूस पुन्हा ओरडला, "हाणा साहेब! रॉबिनच्या नावाने हाणा!"

मेजरसाहेबांचा चेहरा एकदम बदलला. ते उतरले. लगाम कुणाच्या तरी हातात फेकला, चाबकाची दोरी मुठीत दुमडून घेतली आणि हात मागे नेऊन असा काही फटका मारला की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. शर्ट उभा फाटला. कुत्रे कुँ कुँ करत मागे सरले. लोथार पुढे झोकांडला, पुन्हा गुडघ्यांवर हात टेकून होता तसा उभा राहिला.

शर्टाच्या फटीतून रक्त दिसायला लागलं. मेजरसाहेब ते बघत होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता. त्यांनी हात पुन्हा वर नेला. आता ओरडणारं कुणी नव्हतं. गर्दीतल्या बायकांनी तोंडं फिरवली होती. दुसरा फटका पडला, पण त्यात जोर नव्हता. हात मध्येच सैल पडला होता.

"पुरे," मेजरसाहेब म्हणाले. "ऊठ. पुरे झालं."

लोथार उठला नाही. "तीन, साहेब."

"मी म्हणतो पुरे!"

"दोनने संपत नाही. तीन असतात."

माणूस मार मागतोय आणि मारणारा गयावया करतोय, असं काही आमच्या चौकाने पाहिलं नव्हतं. तेवढ्यात शेजारी जेस फिसकन हसला. त्याला स्वतःलाच धक्का बसला असावा, त्याने हात तोंडावर ठेवला. पण त्या हसण्याने काहीतरी सुटलं. "द्या साहेब एकदाचा," तो म्हणाला, "हा जर्मन आहे, संध्याकाळपर्यंत वाकून उभा राहील."

मेजरसाहेबांनी चाबूक उचलला आणि लोथारच्या खांद्यावर टेकवला. नुसता टेकवला. क्षणभर तसाच ठेवला.

लोथार सरळ झाला, वळला, मान लववून म्हणाला, "आभारी आहे, साहेब." तसं म्हणायची रीत होती म्हणे.

मेजरसाहेब घोडीकडे वळले. त्यांना घोडीवर चढायला दोनदा प्रयत्न करावा लागला. "चला," एवढंच ते हाउंडवाल्याला म्हणाले, आणि सगळा लवाजमा निघाला. त्या दिवशी त्यांना दोन कोल्हे सापडले आणि दोन्ही निसटले, असं नंतर कळलं.

टूनबाईंनी कोट उचलून लोथारच्या अंगावर टाकला. "मूर्ख," त्या म्हणाल्या. "मूर्ख, मूर्ख!" आणि घरी येईपर्यंत दुसरं काही बोलल्या नाहीत. पाठ धुतली ती मात्र त्यांनीच.

सगळं एकदम सुरळीत झालं, असं नाही. काहींनी लोथारशी पुढेही बोलणं टाकलं ते टाकलंच. पण सोमवारी माझ्या वडिलांनी टूनबाईंचा घोडा आत घेतला, मान खाली घालून नाल ठोकले. मार्चअखेरीला कारभारी आला आणि पट्टा एका वर्षाने वाढवून गेला. पुढच्या वर्षी आणखी एका वर्षाने. असा तो एकेक वर्षाने वाढत टूनबाईंच्या मरणापर्यंत गेला, आणि मग लोथारच्या नावावर झाला, कारण तोवर तो इथला नागरिक झाला होता आणि मेल्टनच्या एका बेकरीवाल्याची मुलगी, हिल्डा ब्रॅमली, त्याने बायको करून घेतली होती. मेजरसाहेब लग्नाला आले नाहीत. एक डुक्कर पाठवलं, सोलून, साफ करून. त्या दोघांचं पुढे कधी बोलणं झाल्याचं मला माहीत नाही.

जेसशी मात्र तो रोज बोलायचा, म्हणजे भांडायचा. माझ्या वडिलांच्या भट्टीत, शेगडीच्या उबेला. एकदा तिथे एक आयरिश घोडेव्यापारी आणि डोंगराकडचा एक मेंढपाळ असे दोघेही अडकले होते, पाऊस थांबेना.

"गोळी घालणं म्हणजे चोरी," जेसने सुरुवात केली.

"आणि साठ माणसं एकाच्या मागे, ती मर्दुमकी?" लोथार म्हणाला.

"आमच्या डोंगरात घोडाबिडा नाही," मेंढपाळ मध्येच म्हणाला. "पायी जायचं. तुमचे ते लाल कोट पहिल्याच दरडीवर आडवे होतील. कोकरं मारणारा कोल्हा तेवढा धरायचा आणि घरी यायचं."

"कोट बघून कोल्हा मरतो थोडाच," आयरिशमन म्हणाला. "आमच्याकडे पाद्रीसुद्धा दगडी भिंतींवरून घोडा घालतो. कोल्हा सापडला नाही तरी कुणी रडत नाही, पडलेल्यांना मोजत संध्याकाळ जाते. माझा भाऊ अमेरिकेत व्हर्जिनियाला आहे, तिथे तर कोल्हा बिळात शिरला की टोपी काढून त्याला सलाम करतात आणि घरी जातात. मारतच नाहीत!"

"मारत नाहीत?" जेस उभाच राहिला. "मग जातात कशाला?"

"पळायला."

"हे बघ, हे बघ!" लोथारने बोट नाचवलं. "तू म्हणत होतास ना, तिला पळायला मिळालं असतं? मग सोडायचं की तुम्हीपण!"

"तू मला शिकवतोस? तू?"

"मी नाही, व्हर्जिनिया शिकवते!"

जेसने काठी आपटली, लोथारने टोपी काढून बाकावर फेकली, आणि दोघेही एकदम बोलायला लागले, एक इंग्रजीत आणि एक अर्धा जर्मनमध्ये. माझ्या वडिलांनी तापलेला नाल चिमट्यात धरून मागे वळून पाहिलं.

"भांडायचं तर बाहेर पावसात जा रे दोघं," ते म्हणाले. "घोडा बिचकतोय."